पडून राहिलेली बॅटरी: संथ चार्जिंगने उठवायची की बदलून मोकळं व्हायचं?

बाराव्होल्ट:
महिनोन्महिने पडून असलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी कुणीतरी चार्जरला लावतं, तासाभरात चार्जर 'फुल' दाखवतो, स्टार्टर मारला की बॅटरी बसते आणि तिची रवानगी थेट भंगारात होते. यातल्या बऱ्याच बॅटऱ्या मेलेल्या नसतात, त्यांच्या बाबतीत फक्त घाई झालेली असते, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरी उतरते तेव्हा अ‍ॅसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट होऊन बसतं. ताजं असताना ते बारीक कणांचं असतं, चार्ज केलं की परत जातं. पण तसंच राहू दिलं तर बारीक कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमत जातात, आणि मोठा स्फटिक फार सावकाश विरघळतो. अशा वेळी जोराने करंट ढकलला तर व्होल्टेज झटकन चढतं, पाणी फुटून गॅस व्हायला लागतो आणि चार्जर काम झालं असं समजून थांबतो. म्हणून 40 अँपिअर-अवरच्या बॅटरीला एक अँपिअर, सुरुवातीला त्याहूनही कमी, आणि दोन-तीन दिवस थांबायची तयारी हवी.

नजर व्होल्टेजवर नको, हायड्रोमीटरवर, म्हणजे अ‍ॅसिड किती दाट आहे ते मोजणाऱ्या नळीवर हवी. तिच्यातल्या तरंगत्या फ्लोटला बुडबुडे चिकटले की तो खोटं वाचन देतो, तेव्हा नळीला हलकी टिचकी मारून मगच आकडा घ्या. 1.12 च्या आसपास असलेली ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत अ‍ॅसिडची घनता) वर सरकतेय म्हणजे प्लेटांतून अ‍ॅसिड परत येतंय. ती चढतेय तोवर सोडू नका. बॅटरी हाताला गरम लागली तर मात्र चार्जिंग थांबवून तिला निवू द्या.

गॅरेजकर:
असहमत. तुम्ही एकाच आजाराबद्दल बोलताय. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, तिच्यातली पेस्ट सुटून तळाशी गाळ साचतो, गाळ प्लेटांना भिडला की सेल, म्हणजे बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी तो कप्पा, शॉर्ट. यातलं काहीच चार्जिंगने भरून येत नाही. चार्ज करून एक दिवस ठेवल्यावरही बॅटरी साडेदहा व्होल्टवर अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेलाय असं समजा आणि विषय संपवा.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. पार उतरलेल्या बॅटरीत अ‍ॅसिड जवळजवळ पाणी झालेलं असतं. त्या पातळ अ‍ॅसिडमध्ये लेड सल्फेट जास्त विरघळतं, आणि चार्जिंग सुरू झालं की तेच शिसं होऊन सेपरेटरच्या, म्हणजे प्लेटांमधल्या पडद्याच्या छिद्रांत जमतं. म्हणजे तुमच्या चार्जिंगमध्येच सेल शॉर्ट होऊ शकतो. वर दोन-तीन दिवस हायड्रोजन सोडणारी वस्तू लोकांनी बंद खोलीत ठेवायची? हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरे.

निशिगंध:
एप्सम सॉल्ट घातलं की सल्फेट सुटतं म्हणतात. कुणी सांगेल का?

धातुवेडी:
घालू नका. हा वाद फार जुना आहे. अमेरिकेत एडी-एक्स2 नावाची पावडर विकली जायची, मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट. त्यातलं मॅग्नेशियम सल्फेट म्हणजेच एप्सम सॉल्ट. तिचा उपयोग होत नाही असं तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने चाचण्या करून सांगितलं. त्यावरून 1953 मध्ये ब्युरोचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचं पद जायची वेळ आली. शास्त्रज्ञांनी जोरदार विरोध केला, अ‍ॅस्टिन पदावर राहिले आणि नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनेही ब्युरोच्या कामाला दुजोरा दिला.

पावडर घातली तरी चार्जिंग करावंच लागतं, मग बॅटरी उठली की श्रेय पावडरला जातं. काम चार्जिंगचं असतं. या मुद्द्यावर मी बाराव्होल्टच्या बाजूने आहे.

पण एक भर: हे सगळं टोपणं उघडणाऱ्या बॅटरीपुरतंच. यूपीएसच्या सीलबंद बॅटरीत ग्रॅव्हिटी मोजता येत नाही आणि उडालेलं पाणी परत घालता येत नाही. तिथे साडेचौदाच्या वर व्होल्टेज ताणू नये, आतून सुकेल.

बाराव्होल्ट:
सीलबंदबद्दल मान्य. गॅरेजकर, शॉर्ट सेल उठतो असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या, पाच 1.25 वर आणि एक मागेच रेंगाळत असेल तर मीही ती बॅटरी सोडून देतो. शिशाचा धोका चार्जिंग न करण्याने टळत नाही, बॅटरी तर आधीच उतरलेली आहे. हायड्रोजनसाठी मोकळी हवा, आणि क्लिपा काढायच्या आधी चार्जर बंद. हे नवीन बॅटरीलाही लागतंच.

उठली की नाही ते मोजून ठरवा. चार्ज करा, एक दिवस ठेवा, मग 40 अँपिअर-अवरवर 2 अँपिअरचा लोड लावा. साडेदहा व्होल्टपर्यंत उतरायला नव्या बॅटरीला 20 तास लागतात. तुमची 13 तास चालली तर दिव्यासाठी, पंख्यासाठी ती चांगली कामाची आहे. वितळवून पुन्हा शिसं काढणं शक्य आहे म्हणून चालू वस्तू भट्टीत का घालायची? ती वितळवण्याची कामं निष्काळजीपणे होतात तिथे शिसं मातीत आणि मुलांच्या रक्तात जातं.

गॅरेजकर:
भट्टीबद्दल वाद नाही. पण 2 अँपिअरवर 13 तास म्हणजे स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर मिळतील असं नव्हे. बॅटरीवर लिहिलेल्या क्रँकिंग आकड्याच्या (स्टार्टरसाठी ती किती अँपिअर देऊ शकते त्याच्या) निम्मा लोड 15 सेकंद द्या, व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं की नापास. दुसरं म्हणजे अशी बॅटरी चांगल्या बॅटरीसोबत सिरीजमध्ये लावू नका. कमजोर ती आधी उतरते, चांगलीही तिच्यापायी खराब होते.

बाराव्होल्ट:
सिरीजबद्दल शंभर टक्के सहमत. 9.6 ची चाचणीही करा, पण संथ चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी केली तर उतरलेली कुठलीही बॅटरी नापासच होणार. आणि पाणी: आधी फक्त प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर, बाकीचं चार्ज झाल्यावर, कारण पातळी वर येते. अ‍ॅसिड अजिबात घालू नका. ते प्लेटांतच अडकलेलं आहे, तेच बाहेर काढायचंय.