पोर्क शिजलंय हे थर्मामीटरशिवाय कसं दाखवायचं? मदत हवी आहे

आम्ही चौघं मिळून विनोदी कुकिंग शो करतोय, पुढचा भाग पोर्क विंदालूचा, त्यात मावशी प्रत्येक फोडणीला "मेंदूत जंत जाईल रे!" म्हणून ओरडते. हसवायचंय पण माहिती चुकीची जायला नको, लोक खरंच घाबरतात.

वाचून एवढं कळलंय की अर्धकच्च्या मांसातल्या अळीपासून टेपवर्म होतो तो आतड्यात, मेंदूपर्यंत जातं ते त्याच्या अंड्यांमुळे, म्हणजे न धुतलेली भाजी, खराब पाणी, अस्वच्छ हात. हे मावशीला कोथिंबीर धुताना कळतं, तो सीन झालाय.

अडलंय ते शिजवण्यावर. अमेरिकेत 2011 पासून अख्ख्या तुकड्यांना 63 अंश सेल्सिअस आणि मग 3 मिनिटं थांबा असं सांगतात, खिम्याला 71. पण आपल्याकडे घरात थर्मामीटर कुठे असतो? नुसत्या रंगावर भरवसा नाही म्हणतात. कुकर वापरणार नाही, मातीच्या भांड्यातच करायचंय, तुकडे इंचभराचे, मांस बाजारातून ताजं आणलेलं.

गोव्यात, मालवणात नेहमी करणाऱ्यांनी सांगा, उकळी आल्यावर मंद आचेवर किती मिनिटं ठेवता, आणि आतपर्यंत शिजलंय हे कॅमेऱ्यात दिसेल अशी नेमकी खूण कोणती?