आई-बाबांसह यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एक आठवडा : मुक्काम एकाच गावी ठेवावा की फिरता?

प्रश्न : वाशिष्ठीकाठ

नमस्कार. आम्ही लेस्टरला राहतो. येत्या जुलैमध्ये माझे आई-बाबा चिपळूणहून येणार आहेत आणि मुलांच्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागली की सगळ्यांनी मिळून आठवडाभर यॉर्कशरच्या किनाऱ्यावर जावे, असे ठरत आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे आणि मुलगा सहा वर्षांचा. बाबा सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात, मात्र गुडघ्यांमुळे जिने आणि उभे चढ टाळतात. आई शाकाहारी आहे; बाकी आम्ही मासे खातो, पण गोमांस घरात कोणालाच चालत नाही.

माझा कच्चा आराखडा असा आहे : दोन रात्री स्कार्बरो, दोन व्हिटबी, एक रॉबिन हुड्स बे आणि शेवटच्या दोन ब्रिडलिंग्टन. पत्नीच्या मते ही सहल नसून सामानाची ने-आण आहे. तिचे म्हणणे रास्त वाटते, तरी एकाच गावात सात दिवस काढले तर मुले कंटाळतील आणि आई-बाबांना ‘एवढ्या लांब येऊन एकच गाव पाहिले’ असे वाटेल, अशी मला धास्ती आहे. त्यातून या दोघांचे आयुष्य गुहागर-दापोलीच्या समुद्राच्या सान्निध्यात गेल्यामुळे नुसत्या वाळूचे आणि लाटांचे त्यांना अप्रूप नाही. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या भागात मुक्काम केला आहे, त्यांनी मुक्कामाचे गाव, घर निवडताना पाहायच्या गोष्टी आणि खाण्यापिण्याची सोय यांविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : उत्तरवारा

माझे मत तुमच्या पत्नीच्या पारड्यात टाका. स्कार्बरोपासून व्हिटबी सुमारे वीस मैलांवर आहे, रॉबिन हुड्स बे त्याच वाटेवर लागते, आणि दक्षिणेकडचे फायली व ब्रिडलिंग्टन त्याहूनही जवळ आहे. म्हणजे तुमच्या यादीतले प्रत्येक गाव एकाच मुक्कामावरून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहे. शिवाय उन्हाळ्यात इथली सुट्टीची घरे बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशी पूर्ण आठवड्यासाठीच भाड्याने मिळतात. एक-दोन रात्रींच्या मुक्कामाला हॉटेलेच उरतात, आणि सहा माणसांसाठी दर दोन दिवसांनी नव्या खोल्या शोधणे महागही पडेल आणि आईंना स्वतःचा स्वयंपाक करता येणार नाही ही अडचण वेगळीच.

लेस्टरकर असण्याचा एक फायदा मात्र जरूर घ्या. लेस्टरच्या शाळा इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांपेक्षा साधारण आठवडा-दीड आठवडा आधी बंद होतात. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात साऱ्या देशाची सुट्टी सुरू झाली की घरांची भाडी एकदम चढतात. त्याच्या आधीचा आठवडा तुमच्या मुलांना दांडी न मारता मिळतो. शाळेच्या यंदाच्या तारखा पाहून घर आत्ताच धरून ठेवा.

घर निवडताना छायाचित्रांवर विसंबू नका, कारण स्कार्बरो हे कड्यावर वसलेले गाव आहे. किल्ल्याच्या सुळक्याने त्याचे दोन उपसागर केले आहेत. साऊथ बेकडे बंदर, खेळयंत्रांची दालने, गाढवाची रपेट आणि गर्दी आहे. नॉर्थ बेकडे रुंद, सपाट किनारपथ, रंगीत लाकडी खोल्यांच्या रांगा आणि पुष्कळ शांतता. बाबांचा विचार करता मी नॉर्थ बेच्या बाजूचे घर घेईन. ‘समुद्र दिसतो’ असे जाहिरातीत लिहिलेले घर पुष्कळदा व्हिक्टोरियन काळातल्या चार मजली इमारतीच्या माथ्यावर असते आणि तिला लिफ्ट नसते. त्यामुळे मजला कोणता, दारापर्यंत पायऱ्या किती, गाडी कुठे लावायची आणि शेगडी इंडक्शनची आहे का, एवढे चार प्रश्न घरमालकाला लेखी विचारावेत. शेवटचा प्रश्न तव्यासाठी आहे, आणि तो अजिबात क्षुल्लक नाही.

नॉर्थ बेजवळच पीझम पार्क हे तळ्याकाठचे सार्वजनिक उद्यान आहे. तिथल्या तळ्यात उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी छोट्या जहाजांची लुटुपुटीची लढाई होते. हा खेळ १९२७ पासून चालू आहे, आणि बहुतेक जहाजांच्या पोटात माणसे बसून ती चालवतात हे कळल्यावर तुमचा मुलगा तिथून हलणार नाही. उद्यानाशेजारून १९३१ साली सुरू झालेली छोटी आगगाडी किनाऱ्याकडे जाते. साऊथ बेला जायचे झाले तर गावातून वाळूपर्यंत उतरण्यासाठी कड्यावर १८८१ पासून चालणारी सेंट्रल ट्रॅमवे आहे, तेव्हा बाबांना चढ-उतार करावा लागणार नाही. जाताना एम वन महामार्गानंतर ए सिक्स्टीफोर हा रस्ता घ्याल. यॉर्क ओलांडल्यावर शनिवारी दुपारी तो हमखास तुंबतो, म्हणून सकाळी लवकर निघावे किंवा शुक्रवारपासून सुरू होणारे घर पाहावे.

उत्तर : मीठवारा

एकाच मुक्कामाविषयी उत्तरवारा यांच्याशी सहमत आहे, गावाविषयी नाही. स्कार्बरोची मजा दिवसा दोन-तीनदा जाऊन घेता येते. राहण्यासाठी मला फायली अधिक योग्य वाटते. तिथे सुमारे पाच मैलांची सलग वाळू आहे, किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट आहे, आणि रात्री नऊनंतर समुद्राशिवाय कसलाही आवाज नसतो. जुलैमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवण आटोपून वाळूवर परत जाण्याइतका उजेड रोज शिल्लक असतो, आणि जो आठवडा आई-बाबांच्या लक्षात राहील तो मला तरी अशा संध्याकाळींचाच वाटतो. अर्थात पावसाचा दिवस आला तर फायलीत करण्यासारखे फारसे काही नाही, हे मान्य केले पाहिजे.

व्हिटबीला अवश्य जा, पण प्रसिद्ध १९९ पायऱ्या बाबांना चढायला लावू नका. इ. स. ६५७ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे भग्नावशेष त्या पायऱ्यांच्या माथ्यावर आहेत, मात्र मागच्या बाजूने गाडी थेट वर जाते आणि तिथे वाहनतळ आहे. तुम्ही मुलांना घेऊन खालून चढा आणि बाबांना वरच भेटा. खाली ग्रेप लेनमध्ये ज्या घरात जेम्स कुक उमेदवारीच्या काळात राहिला, तिथे त्याच्याविषयीचे संग्रहालय आहे. ज्या एन्डेव्हर जहाजातून तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला, ते मुळात १७६४ साली याच गावात कोळसा वाहण्यासाठी बांधलेले होते. मुलीला इतिहास आवडत असेल तर अर्धा दिवस तिथेच जाईल. रॉबिन हुड्स बेबाबत एकच सूचना : गाडी वरच्या वाहनतळावर ठेवावी लागते आणि तिथून समुद्रापर्यंतचा उतार इतका तीव्र आहे की परतीचा चढ बाबांना जमणार नाही. त्या दिवशी आई-बाबांसाठी वेगळा बेत आखा.

उत्तर : भांग_उधाण

माझे दोन शब्द केवळ पाण्याविषयी, कारण कोकणातली माणसे समुद्राला भीत नाहीत आणि इथे नेमकी तीच गोष्ट अंगाशी येऊ शकते. जुलैमध्ये इथले पाणी जेमतेम १३-१४ अंश असते. एवढ्या गार पाण्यात एकदम शिरले की दम कोंडतो, हातपाय वेगाने मारले जातात आणि चांगला पोहणाराही घाबरतो. मुलांना वेटसूट घाला, हळूहळू पाण्यात जा, आणि कोणी घाबरलेच तर पोहण्याची धडपड न करता आधी पाठीवर तरंगत राहायचे, हे दोन्ही मुलांना घरीच शिकवून ठेवा. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. नारिंगी कापडी वातदर्शक फडकत असेल तेव्हा हवेने फुगवलेली कसलीही वस्तू पाण्यात नेऊ नये, कारण इथे वारा पुष्कळदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ती वस्तू मुलासकट बाहेर ओढून नेतो. संकटात ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागावा.

भरती-ओहोटीचे गणित तुमच्या आईला कदाचित तुमच्यापेक्षा चांगले कळेल. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी साडेचार ते पाच मीटरने चढते-उतरते. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत व्हिटबीच्या भागात मोठी ओहोटी साधारणपणे सकाळी उशिरा, दुपारच्या आधी येते. खडकांमधली डबकी, खेकडे आणि अमोनाइट या शंखासारख्या प्राचीन समुद्री जीवांचे जीवाश्म पाहण्यासाठी रॉबिन हुड्स बेला जाण्याची हीच वेळ. तिथे आणि फायली ब्रिग या खडकाळ भूशिरावर पाणी उतरत असताना जावे आणि ओहोटी पूर्ण होताच परत फिरावे. कड्याच्या पायथ्याशी चालताना मागून चढलेले पाणी वाट बंद करते आणि वर जायला रस्ता नसतो. नेमक्या वेळा छापील तक्त्यात पाहाव्यात. तिथीवरचा अंदाज हा दिवस निवडण्यापुरता.

आणखी एक. इंग्लंडमध्ये स्नानाच्या किनाऱ्यांवरील पाण्याची मे ते सप्टेंबर तपासणी होते आणि उत्कृष्ट, चांगले, पुरेसे किंवा निकृष्ट असा दर्जा किनाऱ्यावरच्या फलकावर लिहिलेला असतो. स्कार्बरोच्या दोन उपसागरांना वेगवेगळा दर्जा दिला जातो, त्यामुळे गावाचे नाव पाहून निष्कर्ष काढू नका. मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस मुलांना पाण्यात न उतरवणे चांगले.

प्रश्नकर्ता : वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. फिरता मुक्काम रद्द केला आहे. स्कार्बरोच्या नॉर्थ बेजवळ तळमजल्यावरचे एक घर पाहत आहोत, कारण पावसाचा दिवस आलाच तर सहा माणसांना फायलीत कोंडून बसावे लागेल याची मला अधिक भीती वाटते. खाण्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. आणि बाबांनी काल दूरध्वनीवर विचारले की थंडी वाजत असताना ही माणसे समुद्रावर जातातच कशाला. याचे उत्तर मला देता आले नाही.

उत्तर : जुना_लेस्टरकर

खाण्याची गोष्ट आधी, कारण ती गंभीर आहे. यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्स पुष्कळ दुकानांत परंपरेने गाईच्या चरबीत तळतात आणि स्थानिकांना त्याचा अभिमान आहे. केवळ मासाच नव्हे, तर बटाट्याचे चिप्सही त्याच चरबीत तळलेले असतात, म्हणून ‘मासे नकोत, नुसते चिप्स द्या’ असे म्हटल्याने तुमच्या आईची सोय होत नाही. मागणी नोंदवण्यापूर्वी कशात तळता हे स्पष्ट विचारावे. वनस्पती तेल वापरणारी दुकानेही आहेत, फक्त तिथेसुद्धा मासे आणि चिप्स एकाच कढईत जातात का, हा पुढचा प्रश्न आईंसाठी विचारावा लागेल. इकडे मासा म्हणजे बहुधा हॅडॉक. तो उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसा. समुद्रपक्षी मागून झडप घालतात आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातातला घास त्यांना सर्वांत सोपा वाटतो.

आता बाबांचा प्रश्न, जो मला फार आवडला. आरंभी लोक इथे पोहायला येतच नव्हते. सतराव्या शतकात स्कार्बरोच्या कड्याखाली औषधी पाण्याचा झरा सापडला, ते पाणी प्यायला श्रीमंत मंडळी येऊ लागली, आणि मग वैद्य समुद्राचे थंड पाणीही औषध म्हणून सांगू लागले. थंडी हा त्या उपचाराचा दोष नसून गुण मानला जात होता. १८४५ साली यॉर्कहून रेल्वे आली, तेव्हा मध्यमवर्ग आणि हळूहळू कामगारही येऊ लागले. १८६७ मध्ये उघडलेले ग्रँड हॉटेल बाबांना नक्की दाखवा : चार मनोरे, बारा मजले, बावन्न धुराडी आणि तीनशे पासष्ट खोल्या, म्हणजे वर्षाचे कॅलेंडरच विटांत बांधले, असे त्याचे वर्णन करतात.

पण खरी गर्दी गिरण्यांमुळे झाली. वर्षातून ठरलेल्या आठवड्यात एकेका गावच्या साऱ्या गिरण्या यंत्रांच्या डागडुजीसाठी एकदम बंद राहत आणि आख्खे गाव आगगाडीने समुद्रावर लोटत असे. ज्यांच्या कापडाची आपल्याकडे होळी झाली, त्या लँकेशरच्या गिरण्यांतील कामगार ब्लॅकपूलला जात, तर पश्चिम यॉर्कशरचे लोकरगिरण्यांतले कामगार स्कार्बरो आणि ब्रिडलिंग्टनला येत. कित्येक वर्षे ही रजा बिनपगारी होती. भरपगारी रजेचा कायदा १९३८ मध्ये झाला. आपल्या लेस्टरमधले होजियरीचे आणि बुटांचे कारखाने जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होत, आणि इथल्या शाळांची सुट्टी अजूनही लवकर लागते ती त्याच प्रथेमुळे. मुंबईचा गिरणी कामगार सुट्टीत कोकणातल्या घरी जात असे. इंग्लंडमधल्या कामगाराला परत जायला गावाकडचे घर उरले नव्हते, त्यामुळे तो वर्षभर पैसे साठवून आठवड्यासाठी किनाऱ्यावर खोली घेई आणि पाऊस असो, थंडी असो, पैसे दिलेले असल्यामुळे वाळूवर बसून राही. वाऱ्याला आडोसा म्हणून कापडी पडदे रोवून बसलेली कुटुंबे तुम्हाला आजही दिसतील. बाबांना हे सांगून पाहा. गिरणगावात कोणी नातलग असेल तर त्यांना लगेच पटेल.

उत्तर : उत्तरवारा

तारखा लवकरच्या ठरत असतील तर ब्रिडलिंग्टनजवळचे बेम्पटनचे कडे पहिल्याच स्वच्छ दिवशी पाहून घ्या. सुमारे शंभर मीटर उंचीच्या त्या खडूच्या कड्यांवर गॅनेट पक्षी शरद ऋतू लागेपर्यंत असतात, पण पफिन जुलै संपता संपता समुद्रात निघून जातात, आणि मुलांना पाहायचे असतात ते पफिनच. दुर्बीण न्या. रॉबिन हुड्स बेचा दिवस ओहोटीच्या तक्त्यावरून निवडा, व्हिटबी ढगाळ हवेतही चालेल. एखाद्या सकाळी खिडकीतून काहीच दिसले नाही तर निराश होऊ नका. थंड समुद्रावर उबदार हवा आली की इथे धुके दाटते, पण ते बहुधा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरते असते आणि काही मैल आत गेले की लख्ख ऊन लागते. तो दिवस पिकरिंगहून सुटणाऱ्या वाफेच्या आगगाडीसाठी राखून ठेवा, मात्र तिकिटे आधी काढलेली बरी. बाबांना चढण्यासाठी फलाटावर मदत हवी असेल तर तिकीट काढतानाच तसे कळवा.