कानबाईला अमेरिकेतला भाचा येऊन राहिला, त्याची मूठ काढायची का?

अमळनेरकर_मामा:
बहीण न्यू जर्सीत, एडिसनला. फारकत झालेली, पोरगं तिथंच जन्मलं, एकटीनं वाढवलं, आता सतरावं लागलंय. यंदा कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, पहिल्यांदाच दोघं येऊन राहिले. आमच्याकडे रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादासाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात, म्हातारी म्हणते नातवाचीही काढा, काका म्हणतात तो दुसऱ्या कुळाचा, त्याची इथं कशी, आणि वरून टोमणे की इतकी वर्षं पोराला कधी आणलं नाही. चारचौघात कुणी त्याला बापाचं विचारलं तर काय करायचं? मराठी सगळं कळतं त्याला, बोलत नाही एवढंच.

जर्सीचा_धुळेकर:
मामा, मी असाच वाढलोय, आई एकटी. आधी टोमण्याचं. तिकडं सोळाच्या आतल्या पोराच्या पासपोर्टला आईबाप दोघांची संमती लागते, बाप हजर नसेल तर त्याचा नोटरी केलेला फॉर्म, आणि तो पासपोर्ट चालतो ५च वर्षं. कोर्टानं पूर्ण ताबा आईला दिला असेल तर ठीक, नाहीतर दर वेळी त्याच माणसाच्या विनवण्या. सोळानंतर १० वर्षांचा मिळतो, म्हणून आत्ता जमलं असेल. काकांना हे सांगा.
बापाचं विचारलेलं मला कधी लागलं नाही, शाळेत तशी पोरं ढीगभर होती. लागायचं ते ‘बिचारा’. बँकेचं पत्र आलं की आई माझ्या हातात द्यायची, वीज कंपनीला फोन मीच लावायचो, आवाज जाड करून, आणि सुट्टीत धुळ्याला आलो की मावशी भाकरीचा घास भरवायला बसायची!

वहिनी_चोपडा:
काढा हो मूठ. आमच्या नणंदेच्या पोराची काढतोच आम्ही, कानबाईनं अजून तक्रार केली नाही. आणि त्याला पाहुण्यासारखं बसवू नका, गहू घेऊन गिरणीवर पाठवा, सोमवारी मिरवणुकीत नाचू द्या.

बांधावरचा:
ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, इथं शेती विकत घेता येत नाही, पण वारसानं येते. काकांचं दुखणं तिथं तर नाही ना 😄

अमळनेरकर_मामा:
भाऊ, बरोबर बोट ठेवलं तुम्ही 😄 पासपोर्टचं माहीतच नव्हतं, बहीण कधी बोलली नाही. मूठ काढतोय. घास भरवू नको हे मात्र म्हातारीला कुणीतरी येऊन सांगा, माझ्याच्यानं नाही होणार.