ईआरपी: एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड की लिनक्सवर पोस्टग्रेस?

प्रश्न: कारखान्याची ईआरपी (बिलिंग, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), ४० युझर. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्स्प्रेसवर (फुकट आवृत्ती) डेटाबेस ८.५ जीबी झालाय. स्टँडर्ड (त्याचीच विकतची आवृत्ती) घ्यावं की पोस्टग्रेस (फुकट, ओपन सोर्स डेटाबेस)? जाणकारांनी सांगावं.

उत्तर १: निर्णय लवकर घ्या. २०२२ एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइल १० जीबीला अडतात, लॉग (बदलांची नोंद ठेवणारी वेगळी फाइल) त्यात धरत नाहीत. जागा संपली की एरर ११०५ येऊन नव्या नोंदीच होत नाहीत, म्हणजे बिलिंग ठप्प. बफर पूललाही (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) १,४१० एमबीच मिळतात, रॅम ६४ जीबी टाकली तरी. तोवर जुने ऑडिट लॉग (कोणी काय बदललं त्याच्या नोंदींची टेबलं) दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवा.

उत्तर २: पोस्टग्रेसला जाण्याआधी स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) मोजा. टेबलं पीजीलोडरने (डेटा पोस्टग्रेसमध्ये हलवणारं टूल) जातात, टी-एसक्यूएल (त्या प्रोसीजरची मायक्रोसॉफ्टची भाषा) मात्र बहुतेक हातानेच नव्याने लिहावं लागतं. खरा खर्च तिथेच. दुसरा धोका कोलेशनचा, म्हणजे अक्षरांची तुलना करायच्या नियमांचा. एसक्यूएल सर्व्हर सहसा लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच मानतो, पोस्टग्रेस मानत नाही. पार्ट नंबर शोधताना लहान अक्षरांत टाकला की एरर येत नाही, रिपोर्ट नुसता रिकामा येतो! असे कॉलम आधीच हुडकून ठेवा.

उत्तर ३: लिनक्स हा वेगळा निर्णय आहे, एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही चालतो. ईआरपीवाल्यांकडून पोस्टग्रेसचा सपोर्ट लेखी घ्या. नसेल तर माझ्या मते स्टँडर्डच.