उडत्या तबकड्यांचा 'गुप्त कार्यक्रम': ग्रश यांच्या साक्षीत खरं किती?

ऐरोलीकर:
२६ जुलै २०२३ ची अमेरिकी संसदेतली साक्ष पूर्ण ऐकली. डेव्हिड ग्रश, हवाई दलातले माजी गुप्तचर अधिकारी, शपथेवर सांगतात की कोसळलेली यानं उचलून त्यांचा अभ्यास करणारा कार्यक्रम कित्येक दशकं चालू आहे आणि मला तिथे प्रवेश नाकारला. एवढा माणूस खोटं कशाला बोलेल? दहावीतला भाचा म्हणतो, सगळं सिद्ध झालं. जेवताना रोज वाद. कुणी नीट सांगेल का?

निवृत्त_कोपरी:
ते खोटं बोलतात असं मीही म्हणणार नाही. पण यान त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही, चाळीसहून जास्त जणांशी बोलून ते सांगताहेत.

ठाण्यात एका सरकारी कार्यालयाच्या गोपनीय शाखेत मी बावीस वर्षं काढली. गोपनीय पत्र दोन पाकिटांत जातं. आतल्यावर शिक्का आणि लाखेचं सील, बाहेरचं साधं. शिपाई, आवक-जावकचा कारकून, ड्रायव्हर, सगळ्यांच्या हातून ते जातं, आत काय आहे ते एकालाही ठाऊक नसतं. तरी डबा खाताना प्रत्येकाकडे बातमी तयार! एकदा जाड पाकीट आलं आणि बदल्यांची यादी आली म्हणून बोंब उठली. चौघांनी मला वेगवेगळं गाठून 'अगदी आतली खबर' दिली. चौघांनाही ती एकाच शिपायाने सांगितलेली. पाकिटात होता निवडणूक बंदोबस्ताचा तक्ता.

लपवाछपवी मात्र झाली, आणि त्याची मला चीड आहे. १९५० च्या दशकात यू-२ हेरविमानं ६०,००० फुटांवरून उडायची, प्रवासी विमानं त्याच्या कितीतरी खाली. संध्याकाळी खाली अंधार पडलेला आणि वर त्या चंदेरी पंखांवर अजून ऊन. वैमानिक कळवायचे. हवाई दलाच्या, उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या 'ब्लू बुक' प्रकल्पातले अधिकारी सीआयएकडे उड्डाणं ताडून बघायचे आणि लोकांना सांगायचे, बर्फाचे कण होते. अमेरिकेतल्या रॉसवेलला तबकडी कोसळली म्हणतात, त्याचंही तेच. १९४७ मध्ये पडलेला तो सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या फुग्यांचा सांगाडा, हे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं.

वाशी_खाडी:
ताई, मग २००४ मध्ये 'निमित्झ' विमानवाहू नौकेवरच्या वैमानिकांना दिसलेल्या अनोळखी वस्तूचं काय? डेव्हिड फ्रेव्हर लढाऊ वैमानिक, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यांनी. आणि पेंटागॉनने (अमेरिकेच्या संरक्षण खात्याने) २.२ कोटी डॉलर खर्चून अशा वस्तूंचा केलेला अभ्यास लोकांना कळला थेट डिसेंबर २०१७ मध्ये.

निवृत्त_कोपरी:
फ्रेव्हर यांचं मी मानते. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा, एवढंच म्हणणं आहे. मार्च २०२४ च्या अहवालात परग्रहावरच्या यानांचा पुरावा नाही असं आलं, पण तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच कार्यालयाने लिहिलाय. स्वतःची खातेचौकशी स्वतःच केल्यासारखं. बाहेरचं कुणी बसवायला हवं होतं.

ऐरोलीकर:
भाच्याला वाचून दाखवलं. त्याने लगेच शोधलं: 'ब्लू बुक'कडे १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ चा उलगडा नाही. आता त्या ७०१ कुठे वाचायच्या म्हणून मागे लागलाय.

निवृत्त_कोपरी:
अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सगळ्यांना खुल्या आहेत. मूळ कागदच वाचू दे त्याला.