सीमेक: पहिल्यांदा बिल्ड पडतं, दुसऱ्यांदा होतं. बाहेरच्या लायब्ररींचा क्रम लावायचा कसा?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लातूरच्या एमआयडीसीत आम्ही तिघं डाळ मिलसाठी एक डबा बनवतो. डब्यात छोटा लिनक्स बोर्ड. तो काट्याच्या इंडिकेटरकडून वजन आणि मॉइश्चर मीटरकडून तुरीतला ओलावा मॉडबसने (अशा यंत्रांशी बोलायची पद्धत) वाचतो, एसक्यूलाइटमध्ये (छोटा डेटाबेस) ठेवतो आणि नेट असलं तर एमक्यूटीटीने (निरोप पाठवायची पद्धत) वर पाठवतो. कोड सी++ मध्ये, त्यातून चालणारा प्रोग्रॅम बांधायचं काम (बिल्ड) सीमेक नावाच्या साधनाने. बाहेरच्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) तीनच: मॉडबससाठी लिबमॉडबस, एसक्यूलाइट आणि एमक्यूटीटीसाठी मॉस्किटोची क्लायंट लायब्ररी.

सीमेकची फाइल ज्या दादाने लिहिली तो दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. फोन केला की म्हणतो, "माझ्याकडं तर चालायचं." माझ्याकडंही चालतं, तीच तर भानगड आहे. मागच्या सोमवारी उदगीरचा एक पोरगा इंटर्न म्हणून आला. त्याने सगळ्या कोडची कोरी प्रत (क्लोन) घेतली आणि दुपारच्या डब्याआधी मला दोन वर्षांत न दिसलेले दोन रोग दाखवले.

पहिला. तिन्ही लायब्ररी एक्स्टर्नलप्रोजेक्ट या सीमेकच्या सोयीने गिटहबवरून येतात, बिल्ड होतात आणि बिल्ड फोल्डरातल्याच एका 'इन्स्टॉल' फोल्डरात जाऊन बसतात. त्याच फाइलीत थोडं खाली त्या लायब्ररी शोधणाऱ्या फाइंड-लायब्ररीच्या तीन ओळी आहेत. पोराच्या मशीनवर सीमेक चालवलं की लगेच नॉटफाउंड. दादाच्या वहीत (आहे अजून, मुखपृष्ठावर गणपती) यावर उपाय लिहिलाय: "त्या तीन ओळी आणि लिंकची ओळ कॉमेंट करा. बिल्ड द्या. पडेल. घाबरू नका. ओळी परत आणा. पुन्हा बिल्ड द्या." मी रुजू झाले तेव्हा हे एकदाच केलं असणार, नंतर बिल्ड फोल्डर कधी पुसलाच नाही.

दुसरा. प्रत्येक मिलचा इंडिकेटर वेगळा, म्हणून रजिस्टरांची (कोणत्या कप्प्यात कोणता आकडा) यादी सीएसव्हीत ठेवतो आणि पायथनची स्क्रिप्ट त्यातून एक हेडर (कोडने वापरायची घोषणांची फाइल) बनवते. माझ्या जुन्या दोन कोरच्या लॅपटॉपवर कध्धी त्रास नाही. पोराच्या आठ कोरवर चारदा केलं की एकदा "हेडर सापडत नाही". काही न बदलता पुन्हा दिलं की होतं.

शिवाय औशाच्या बाजूला एका मिलवर बोर्डावरच बिल्ड करायची वेळ आली. (माहितीय, साइटवर बिल्ड करू नये. करावं लागलं.) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गिट क्लोन ४० टक्क्यांवर अडकला आणि मालक बाजूला उभा राहून विचारतोय, "ताई, काटा चालू कधी होणार?"

ॲड-डिपेन्डन्सीज ("आधी हे, मग ते" सांगणारी सीमेकची ओळ) सगळीकडे ठोकून पाहिलं. पहिला रोग जागचा हलला नाही. क्रम लावायचा तरी कुठं?

खटपट्या

एक्स्टर्नलप्रोजेक्ट काढा, फेचकंटेंट टाका. विषय संपला.

मांजराकाठ

लिबमॉडबसला सीमेकची फाइलच नाही हो, ऑटोटूल्स या दुसऱ्या बिल्ड-साधनांवर आहे. फेचकंटेंट सोर्स आणून देईल, पुढं कॉन्फिगर आणि मेक कोण चालवणार?

वाळूजची_रातपाळी

ताई, तुमचे दोन रोग वेगळे आहेत. एकाच औषधाने जाणार नाहीत म्हणून ॲड-डिपेन्डन्सीजने फरक पडला नाही.

सीमेकचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी कॉन्फिगर: तुमची फाइल वाचायची, फाइंड-लायब्ररी, फाइंड-पॅकेज वगैरे तिथल्या तिथे चालवायचं आणि शेवटी मेकफाइल किंवा निंजाची फाइल लिहून टाकायची. मग बिल्ड: ती फाइल मेक किंवा निंजा (प्रत्यक्ष बिल्ड करणारी साधनं) चालवणार. एक्स्टर्नलप्रोजेक्टचं सगळं, म्हणजे डाउनलोड, कॉन्फिगर, इन्स्टॉल, हे दुसऱ्या टप्प्यात होतं. म्हणजे फाइंड-लायब्ररी कपाट उघडून बघते तेव्हा सामान अजून दुकानातून निघालेलंही नसतं. ॲड-डिपेन्डन्सीज फक्त दुसऱ्या टप्प्यातला क्रम लावतं. पहिल्या टप्प्यात काय चुकलं ते त्याला कळायचा प्रश्नच नाही. दादाची वही म्हणजे हे दोन टप्पे हाताने उलटसुलट करायची युक्ती आहे.

वाटा दोन.

एक, सुपरबिल्ड. बाहेर एक छोटा सीमेक प्रकल्प करा, त्यात फक्त चार एक्स्टर्नलप्रोजेक्ट: तीन लायब्ररी आणि चौथा तुमचा स्वतःचा ॲप. चौथ्याच्या डिपेंड्समध्ये पहिल्या तिघांची नावं, आणि सीमेक-प्रीफिक्स-पाथ म्हणून तो 'इन्स्टॉल' फोल्डर द्या. आता तुमच्या ॲपचं कॉन्फिगर हेच बाहेरच्या बिल्डची एक पायरी झालं, लायब्ररी बसल्यावरच ते चालणार. तुमच्या शोधायच्या तीन ओळी जशाच्या तशा राहतील. त्रास एकच: बाहेरच्या प्रकल्पाला तुमच्या ॲपच्या सोर्समधला बदल कळत नाही, तिथे बिल्ड-ऑल्वेज लावावं लागतं. आम्ही सुपरबिल्ड एकदाच चालवतो आणि रोजचं काम आतला प्रकल्प थेट उघडून करतो.

दोन, एक्स्टर्नलप्रोजेक्ट आहे तिथेच ठेवा पण शोधू नका. फाइल कुठं पडणार ते तुम्हाला आधीच माहीत आहे, मग शोधता कशाला? इम्पोर्टेड टार्गेट (बाहेर तयार होणाऱ्या लायब्ररीची सीमेकमधली नोंद) करून पत्ता हाताने लिहा आणि ॲड-डिपेन्डन्सीज त्या टार्गेटला लावा. इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. निंजा वापरत असाल तर बिल्ड-बायप्रॉडक्ट्समध्ये लायब्ररीच्या फाइलीचं नाव लिहा (सीमेक ३.२ पासून आहे). नाही लिहिलं तर निंजा सुरुवातीलाच हात वर करतो: फाइल नाही आणि ती बनवायचा नियमही नाही. मेक मात्र गप्प राहतो, म्हणून एकाकडं चालतं आणि दुसऱ्याकडं नाही. दुसरा खड्डा हेडरच्या फोल्डरचा. इम्पोर्टेड टार्गेटला दिलेला इन्क्लूड फोल्डर तेव्हा अस्तित्वात नसेल तर सीमेक अडतं. मेक-डायरेक्टरीने रिकामा फोल्डर आधीच करून ठेवा, हसू नका, सगळे हेच करतात.

पण तीनही लायब्ररींना एकच माप लावू नका. एसक्यूलाइटचं अमाल्गमेशन घ्या: दोन लाखांहून जास्त ओळींची एक सी फाइल आणि तिचं हेडर. रिपॉझिटरीत ठेवा, ॲड-लायब्ररी करा. ती बाहेरची राहतच नाही. मॉस्किटोला सीमेक आहे, तिथे खटपट्या म्हणतात ते चालेल. फेचकंटेंट कॉन्फिगरच्या वेळीच सोर्स आणतं (३.११ पासून, मेक-अव्हेलेबल ३.१४ पासून), त्यामुळे टार्गेट लगेच हाताशी. ब्रोकर (निरोप वाटणारा सर्व्हर) आणि डॉक्युमेंटेशन बंद करा. आणि टीएलएस (निरोप कुलूपबंद पाठवणं) मुळातच चालू असतं, म्हणजे त्यासाठीची ओपनएसएसएल लायब्ररी मागतं. तुम्ही पाहुणा एक बोलावला आणि तो मेव्हण्याला घेऊन आला. टीएलएस हवं की नको ते ठरवून लिहा, नशिबावर सोडू नका.

उरलं लिबमॉडबस. एक विचारतो, पोराच्या मशीनवर ऑटोकॉन्फ, लिबटूल (ऑटोटूल्सची साधनं) होतं का?

मांजराकाठ

नव्हतं! ते मी लिहायचं विसरले. आधी तिथंच अडलं होतं, मग त्याने एपीटीने टाकलं.

वाळूजची_रातपाळी

गिट क्लोनमध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट नसते, ती ऑटोजेनने बनवावी लागते. रिलीजसोबत चढवलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सचं एका फाइलीत बांधलेलं गाठोडं) ती तयार असते. टारबॉल घ्या, एक लपलेली डिपेन्डन्सी कमी झाली.

गोदाकाठ_नांदेड

मी तर म्हणतो एवढा कुटाणा कामून? लिबमॉडबस, एसक्यूलाइट, मॉस्किटो तिन्हींची डेव्ह पॅकेजेस डेबियन लिनक्समध्ये आहेत. एपीटी इन्स्टॉल करा, पीकेजी-कॉन्फिगने शोधा, घरी जा.

मांजराकाठ

दादा, तसंच करायचे आधी. आमचे जुने डबे एका डेबियनवर, नवे दुसऱ्या. एकाच कोडमागं लिबमॉडबसच्या दोन आवृत्त्या, आणि रिस्पॉन्स टाइमआउट ठरवणाऱ्या फंक्शनची सही (त्याला काय काय द्यायचं ती मांडणी) दोन्हींत वेगळी. एका मिलवर कंपाइल व्हायचं, दुसऱ्यावर नाही. म्हणून तर पुण्याला गेलेल्या दादाने सोर्समधून घेतलं. तेवढं त्याचं बरोबर होतं.

वापसा (परभणी)

दुसऱ्या रोगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं सोयाबीन पेरायचा तर "१५ जूनला पेरायचं" असं घरात कुणी ठरवत नाही. पाऊस पडला, काळ्या रानात वापसा आला की तिफण निघते. तारीख सांगायची नसते, कशाला काय लागतं ते सांगायचं. स्टुअर्ट फेल्डमनने बेल लॅब्समध्ये १९७६ साली मेक लिहिलं तेव्हापासून हाच करार आहे: तुम्ही "याला ते लागतं" एवढं लिहा, क्रम आम्ही काढतो. तुमच्या फाइलीत हेडर कशातून बनतं ते लिहिलेलं असेल, पण ॲपला ते हेडर लागतं हे कुणी लिहिलेलं नाही. पैज लावतो, ॲड-कस्टम-टार्गेट आहे आणि पुढं ऑल (म्हणजे दर बिल्डला चालणारं, पण ॲपशी न जोडलेलं काम).

दोन कोरवर काम एकामागून एक सरकतं, हेडरचा नंबर आधी लागतो आणि चूक झाकली जाते. आठ कोर म्हणजे आठ सालगडी. एक स्क्रिप्ट घेऊन बसला तोवर दुसरा हेडर मागतो. पोराचा लॅपटॉप बिघडवत नाहीये, उघडं पाडतोय.

ॲड-कस्टम-कमांड वापरा. आउटपुटमध्ये हेडर, डिपेंड्समध्ये सीएसव्ही आणि पायथनची स्क्रिप्ट दोन्ही (स्क्रिप्ट सगळे विसरतात, मग स्क्रिप्ट बदलली तरी हेडर जुनंच). ते हेडर ॲपच्या सोर्सच्या यादीत टाका. कमांड आणि टार्गेट एकाच फोल्डरच्या सीमेकफाइलीत हवेत, नाहीतर ओळख पटत नाही.

आणि नशीब तपासायची हत्यारं आहेत. निंजा १.११ पासून मिसिंगडेप्स नावाचं टूल देतो, वजा-टी लावून चालवा. एक पूर्ण बिल्ड झालेलं हवं, मग ते सांगतं कोणती फाइल बनवलेलं हेडर वापरते पण त्याच्यावर अवलंबून असल्याचं कुठं नोंदलेलं नाही. मेकवाल्यांना ४.४ मध्ये शफल आलंय, ते क्रम मुद्दाम पिसतं.

वाळूजची_रातपाळी

आणि औशाच्या मालकासाठी: शाखेचं नाव देऊन गिटवरून ओढू नका. टारबॉल, त्याचा शा-२५६ हॅश (फाइलीचा ठसा), आणि टारबॉलची प्रत स्वतःकडं. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोठारावरून लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं पडली. पुढच्याच महिन्यात दुष्काळात मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणी पाणी घेऊन लातूरला आल्या. तुम्हाला साठवणीचं मी काय सांगणार.

मांजराकाठ

तेव्हा मी कॉलेजात होते, घागर घेऊन टँकरच्या रांगेत. समजलं.

तर केलं ते सांगते. एसक्यूलाइट रिपॉझिटरीत घेतलं. मॉस्किटो फेचकंटेंटने, टीएलएस चालूच ठेवलं पण ओपनएसएसएल आता रिक्वायर्ड म्हणून वर लिहिलंय, नसेल तर पहिल्याच ओळीला ओरडतं. लिबमॉडबस एक्स्टर्नलप्रोजेक्ट आणि इम्पोर्टेड टार्गेट. बायप्रॉडक्टच्या खड्ड्यात सांगूनही पडले, नावात "लिब" लिहायचं राहिलं होतं. सुपरबिल्ड नको वाटलं, एका लायब्ररीसाठी एवढा मांडव कशाला.

हेडरची पैज तुम्ही जिंकलात, परभणीकर. कस्टम-टार्गेट, पुढं ऑल. आणि मिसिंगडेप्सने आणखी एक काढलं: टेस्टच्या फोल्डरातली एक फाइल तेच हेडर वापरते, तिचंही कुठं नोंदलेलं नाही.

टारबॉलचा प्रश्न राहिला. पोराने मॉस्किटोचा टारबॉल गिटहबच्या "सोर्स कोड" बटणावरून घेतला आणि त्याचा हॅश टाकला. चालेल ना?

वाळूजची_रातपाळी

स्वतःकडची प्रत वापरत असाल तर चालेल. दर वेळी गिटहबवरून ओढणार असाल तर नको. त्या बटणाचा टारबॉल मागितल्यावर बनतो, आतला कोड तोच राहिला तरी दाबून बांधायची पद्धत बदलली की हॅश बदलतो. जानेवारी २०२३ अखेरीस नेमकं हे झालं, बऱ्याच लोकांची बिल्डं हॅश जुळत नाही म्हणून पडली आणि गिटहबने तो बदल मागे घेतला. प्रकल्पवाल्यांनी स्वतः चढवलेली फाइल घ्या.

टेस्टच्या फाइलीसाठी: हेडर वेगळ्या फोल्डरात बनतं ना? मग ती आउटपुटची युक्ती तिथं चालणार नाही. तेवढ्या एका ठिकाणी हेडरला टार्गेटचं नाव द्या आणि तुमचं ते ॲड-डिपेन्डन्सीज लावा.

मांजराकाठ

लावलं. बिल्ड फोल्डर पुसून पोराच्या लॅपटॉपवर वीसदा, माझ्यावर एकदा, बोर्डावर नेट काढून एकदा. बोर्डाला २३ मिनिटं लागली, पण झालं. वही पोराच्या ताब्यात दिलीय, ते पान त्यालाच खोडू दे म्हटलं.