मदत हवी आहे: १९५१ चा शेव्ही ३१०० पिकअप घरी हॉट रॉड करतोय, जुनं इंजिन ठेवू की बदलू?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पण आता अडलोय म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी मिशिगनमध्ये नोव्हीला राहतो. मागच्या हिवाळ्यात थंब (नकाशात अंगठ्यासारखा दिसतो तो) भागातल्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून १९५१ चा शेव्हरोले ३१०० पिकअप घेतला, अर्ध्या टनाचा, मागे कोपऱ्यात काचा असलेला पाच खिडक्यांचा केबिन. बाहेर सगळं बीटचं शेत. मे महिन्यात कोल्हापूरहून आई आणि अण्णा आले, त्यांना ती जागा दाखवायला नेलं तर अण्णा गाडीबद्दल काही विचारायच्या आधी बीटापासून साखर कशी काढतात तेच विचारत बसले. अण्णांचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, चाळीस वर्षं. माझी मुलगी सोळाची आहे, आणि हा ट्रक आम्ही तिघं मिळून उभा करायचा असं ठरलंय. बायको सगळे नटबोल्ट पिशव्यांत भरून वर मराठीत लिहिते, "डावा फेंडर, खालचे चार", त्यामुळे अजून एकही बोल्ट हरवलेला नाही. अण्णा ऑक्टोबरअखेर परत जाणार. म्हणजे आमच्याकडे पाच महिनेसुद्धा नाहीत.

ज्यांना हॉट रॉड म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जुनी गाडी घ्यायची, इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स जोरदार करायचे, पण अंगाने ती जुनीच दिसली पाहिजे. कॅलिफोर्नियात कोरड्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड पळवायची तिथून हे सुरू झालं. इथे डेट्रॉईटला ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत असल्या गाड्यांची रांग लागते. मुलीला तिथे कधीतरी हा ट्रक स्वतः चालवत न्यायचाय. यंदा जमणार नाही हे तिलाही कळतंय.

आता ट्रकची हालत. दाराच्या बिजागरीच्या खांबावर कारखान्याच्या नंबराची पट्टी आहे, तो नंबर १जेपीएफ ने सुरू होतो. १ म्हणजे फ्लिंटचा कारखाना, जेपी म्हणजे ५१ सालचा ३१००, एफ म्हणजे जून. आमच्या घरापासून तासाभरावर बनलेली गाडी आहे ही. केबिनचे खालचे कोपरे आणि पाय ठेवायची जागा गंजून गेली आहे, इकडे रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा परिणाम. पण चॅसी सरळ आहे, हातोडीने सगळीकडे ठोकून बघितली, कुठेही पोकळ आवाज नाही. पत्र्याचं काम मी मिग वेल्डिंगने करतोय, एकेक टाका दूरदूर मारत, नाहीतर पत्रा तापून वाकतो. ते जमेल. मागच्या हौद्याच्या लाकडी फळ्या आईने हातात घेतल्यात, जवसाचं तेल पाजून. (तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. आम्ही दोरीवर पसरून वाळवतो.)

प्रश्न इंजिनचा आहे. मूळ २१६ क्युबिक इंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ९२ हॉर्सपॉवर. सुरू होतं, पण टक टक आवाज येत होता. अण्णांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली आणि मुलीला रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायला सांगितली. एक काढली, आवाज तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढल्यावर टक टक जवळजवळ गायब. अण्णा म्हणाले, "तीन नंबर. चेंबर सोड." ऑइल चेंबर सोडला तर तळाच्या तेलात चंदेरी चमकी. तीन नंबर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) व्हाईट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू, तडकून एका बाजूने तुकडा उडालेला.

या इंजिनात रॉडला वेगळे शेल, म्हणजे बदलता येणारे बेअरिंगचे अर्धगोल पत्रे, नाहीत, व्हाईट मेटल थेट रॉडमध्येच ओतलेलं असतं, आणि रॉडच्या कॅपला खाली पळीसारखं एक टोक असतं ते चेंबरमधल्या पन्हळीतून तेल उचलतं. प्रेशरने तेल तिथपर्यंत जात नाही. गावात चालवायला ठीक, पण मागच्या एक्सलचा रेशो ४.११ आहे (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे), ताशी ५५ मैलाला इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, आणि तासभर हायवेला तसंच पळवलं तर ते व्हाईट मेटल तग धरत नाही.

माझा सुरुवातीचा बेत साधा होता. शेव्हरोलेच्याच नंतरच्या एस-१० पिकअपची चॅसी आणायची, तिच्यावर हा केबिन बसवायचा, पुढे ३५० क्युबिक इंचाचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. लांब हौद्याच्या एस-१० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११७.९ इंच, आपला ११६, त्यामुळे बरेच लोक हेच करतात. पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, सगळं एका फटक्यात मिळतं. चॅसी बघूनही ठेवली होती. पण अण्णांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "इंजान काढून टाकायचं म्हंजे काय रं? बेअरिंग गेलंय न्हवं? मग वतूया की नवं." आणि मुलीला समजावून सांगायला लागले, आधी रॉड साफ करायचा, मग आतून कल्हई करायची, भांड्याला करतात तशी, कल्हई नीट धरली नाही तर व्हाईट मेटल सुटतं, मग रॉड तापवून ओतायचं आणि थंड झाल्यावर बोअर करायचं. ती वहीत चित्रं काढून लिहून घेत होती. ते बघितल्यावर चॅसीवाल्याला मी फोन केला नाही.

म्हणजे आता तीन वाटा आहेत.

एक, अण्णांची. सहाही रॉड ओतून २१६ तसंच ठेवायचं. मशीन शॉपचं काम अण्णा करू शकतात, इथे एका ओळखीच्या माणसाकडे जुना लेथ आहे. पण मुलीला पुढे कॉलेजला हीच गाडी न्यायची झाली तर हायवेशिवाय इलाज नाही.

दुसरी, माझी जुनी, व्ही-८ आणि एस-१०. ही आता मनातून बरीच उतरली आहे.

तिसरी, सध्या मला हीच पटते. त्याच घराण्यातलं २३५ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर बसवायचं. अर्ध्या टनाच्या ट्रकमध्ये १९५४ पासून २३५ यायला लागलं, त्यात रॉडला शेल आहेत आणि तेल पूर्ण प्रेशरने जातं. दोन कार्ब्युरेटर, दोन भागांतला एक्झॉस्ट, म्हणजे सहा सिलिंडरचाच पण खरा हॉट रॉड आवाज. त्याच्यामागे एस-१० चा पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स. त्याचं पुढचं रिटेनर (बेअरिंगवरचं झाकण) आपल्या बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराच्या) भोकात सैल बसतं, मधे रिंग टर्न करून घालावी लागते, आणि ती रिंग अण्णा करणार असं त्यांनीच सांगितलंय. तयार विकत मिळते पण ती आम्हाला नकोय.

आता नेमके प्रश्न, आणि इथे खरंच मदत हवी आहे.

पहिला, मागचा एक्सल. या ट्रकला प्रॉपेलर शाफ्ट नळीत बंद असतो, टॉर्क ट्यूब म्हणतात, टी-५ लावला की ती जाते आणि मागचा एक्सलही बदलावा लागतो. १९५५ मध्येच आलेल्या नव्या मॉडेलपासूनच्या (दुसरी सीरिज) ३१०० चा एक्सल घेतला तर चाकांचे सहा बोल्ट तसेच राहतात, पण रेशो ३.९० आणि ब्रेक ड्रमच. फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ घेतला, १९९५ नंतरचा, तर डिस्क ब्रेक मिळतात, ३.७३ रेशो सहज मिळतो, पण चाकांना पाच बोल्ट आणि पिनियन (शाफ्ट जोडतो तो गिअर) मध्यभागी नाही. पुढे सहा मागे पाच बोल्ट म्हणजे स्टेपनी एकच ठेवून चालणार नाही. कुणी हे प्रत्यक्ष वापरलंय का? मला रोजच्या वापरातला अनुभव हवाय.

दुसरा, ब्रेक. हा प्रश्न आमच्यासाठी सगळ्यात मोठा झालाय, कारण असं झालं. ट्रक आणल्यावर चौथ्या दिवशी ब्रेकच्या तेलातली हवा काढून (ब्लीड करून) मुलीला सीटवर बसवलं, ड्राईव्हवेच्या उतारावर. तिने पेडल दाबलं आणि ते सरळ जमिनीला टेकलं, मागचा रबरी पाईप फुटला होता. पेडलने ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकच, एकच लाईन, एक पाईप गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ट्रक मागे सरकला आणि बायकोने मागच्या चाकाखाली आधीच लावून ठेवलेल्या ओंडक्यावर थांबला. मी तिला ओंडका लाव म्हणून सांगितलं नव्हतं, तिने आपणहून लावला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून ट्रक चार लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँड) उभा आहे आणि ब्रेक होईपर्यंत खाली येणार नाही.

तर डबल सर्किटचा मास्टर सिलिंडर घालणार, पुढे डिस्क. मूळ जागा केबिनच्या फरशीखाली आहे, म्हणजे मास्टर सिलिंडर डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या जवळपास पातळीत किंवा खालीच, तेल परत वाहून येतं, म्हणून लाईनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारे रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतात, डिस्कला २ पीएसआय आणि ड्रमला १०. इथपर्यंत कळलं. पण खालीच ठेवू की फायरवॉलवर नेऊ? खाली ठेवलं तर तेल बघायला दर वेळी मॅट उचलून झाकण काढायचं. फायरवॉलवर नेलं तर पेडल वरून लटकवायचं, मग डॅशबोर्डखालचा पत्रा कापावा लागतो. अण्णा म्हणतात रोज बघायची वस्तू डोळ्यासमोर पाहिजे.

तिसरा, पेट्रोलची टाकी. ती केबिनच्या आत सीटच्या मागे आहे, बसणाऱ्याच्या पाठीला लागून. माझी मुलगी तिथे बसणार. हौद्याखाली टाकी नेलेल्या कुणी मापं आणि सेंडिंग युनिट (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा तरंगा) काय वापरलं ते सांगा. १२ व्होल्ट करणारच आहोत, जुना सहा व्होल्टचा गेज ठेवला तर व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर लागेल हे माहीत आहे.

चौथा, कागद. ट्रकच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) दारावरचा नंबर नाही, इंजिनचा नंबर आहे, डिस्ट्रिब्यूटरच्या शेजारी ब्लॉकवर ठोकलेला असतो तो. त्या काळात बऱ्याच राज्यांत गाडी इंजिनच्या नंबरावरच नोंदवायचे. इंजिन बदललं तर टायटल आणि गाडी जुळणार नाही. इंजिन काढायच्या आधी दारावरच्या नंबरावर टायटल दुरुस्त करून घ्यावं असं मला वाटतंय, कुणी करून घेतलं असेल तर तपासणीला काय काय न्यावं लागलं?

अपडेट: खाली आणि खासगी निरोपातून बऱ्याच जणांनी विचारलंय की २१६ विकणार का, आणि अण्णा नाराज होतील त्याचं काय. विकणार नाही. काल संध्याकाळी अण्णांशी बसून बोललो. त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले की पोरगी हायवेला जाणार असेल तर २३५ घाल, पण हे २१६ मी जायच्या आत ओतून, बोअर करून, सुरू करून दाखवणार. म्हणजे आता ते स्टँडवर बांधून चालवायचं, आणि टायटलवरच्या नंबराचं इंजिन घरातच राहील. सोमवारी पहिला रॉड कल्हईला घेतोय, मुलगी धरणार, अण्णा ओतणार. टिनवालं चांगल्या प्रतीचं व्हाईट मेटल मिशिगनमध्ये किरकोळ कुठे मिळतं ते कुणाला माहीत असेल तर कृपया लवकर कळवा, मागवलेलं यायला दोन आठवडे सांगतायत आणि तेवढं थांबायचं नाहीये.

२३५ बद्दल एक राहिलं. मला १९५८ चं एक बघायला मिळालंय, पण ५५ नंतरच्या इंजिनांचा वॉटर पंप वर बसतो आणि पंखा रेडिएटरला लागतो, जुना पंप ॲडॅप्टर प्लेट लावून बसवावा लागतो असं कळलं. की सरळ ५४ चंच शोधू? जुन्या सहा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३९ दात, नंतरच्याला १६८, तेव्हा स्टार्टर कुठला ठेवलात तेही लिहा. शनिवारी इंजिन बघायला जायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.